विंचू, मण्यार आणि दुखण्याची दिशाभूल

एकनाथांचे ‘विंचू चावला’ हे भारूड आपण हसत ऐकतो. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. पण रूपक क्षणभर बाजूला ठेवले, तर त्यातला एक तपशील डॉक्टरने टिपून घ्यावा असा आहे: विंचू चावलेल्याच्या अंगाला घाम सुटल्याचे नाथ सांगतात. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशात जिवावर बेतणार आहे, हे सांगणारे पहिले लक्षण बहुधा हाच घाम असतो.

जितके जास्त दुखते तितके विष जास्त, असा आपला सर्वसाधारण समज. विंचवाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा उलटा ठरतो. ज्याच्या हातातून कळा थेट खांद्यापर्यंत जातात, जो आकांत करतो, तो सहसा दिवसभरात बरा होतो. काळजी करायची ती फारसे न दुखणाऱ्याची. दंशानंतर थोड्याच वेळात त्याला उलट्या होतात, तो घामाने निथळतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुरुषांमध्ये लिंगाला विनाकारण ताठरता येते. हे रोगी लाजेने सांगत नाही आणि नातेवाईकही बोलत नाहीत, म्हणून डॉक्टरनेच विचारावे लागते. मांत्रिकाचा लौकिक नेमका याच गोष्टीवर उभा आहे. ओरडणारा रोगी त्याच्याकडे जातो, कळ आपल्या वेळेला ओसरते आणि ‘विंचू उतरला’ असे होते.

हे विष मज्जातंतूंच्या टोकांना सतत चेतवत ठेवते. शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले, तेव्हा अशी गंभीर लक्षणे दिसलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के रोगी दगावत. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी ही लक्षणे क्रमाने नोंदवली. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यांनी वापरले. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. गोळी हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी द्यायची, इतका साधा हिशेब. एक पथ्य मात्र कडक: गोळी दिल्यावर रोग्याला आडवेच ठेवायचे. रडणाऱ्या पोराला आई सवयीने उचलून कडेवर घेते आणि तेवढ्याने त्याचा रक्तदाब घसरू शकतो. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण त्या आधी कितीतरी वर्षे कोकणातल्या आरोग्य केंद्रांत ही गोळी रुळली होती.

दुखण्याची दिशाभूल मण्यारीच्या दंशात तर कळसाला पोहोचते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात बारीक, त्यामुळे सूज नाही, अनेकदा खूणही नाही. पहाटे पोटात दुखते, घसा आवळल्यासारखा होतो. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि कुणाला वाटते, हा प्यायला आहे. अशा वेळी ‘रात्री कुठे झोपला होतात?’ हा प्रश्न कुठल्याही तपासणीइतका मोलाचा ठरतो.

घोणस आणि फुरसे यांचा दंश मात्र दुखतो, सुजतो. त्यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवते. ते ओळखण्यासाठी नव्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग कलती करून पाहायची. रक्त वाहिले, तर लस हवी. नळी साबणाने धुतलेली असेल, तर ही चाचणी फसते.

सर्पदंशाने भारतात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. यातल्या पुष्कळांचा वेळ दोरी आवळण्यात, ब्लेडने चिरण्यात, देवळात बसवण्यात जातो. करायचे ते याहून कमी आहे. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, चावलेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, रोग्याला चालवू नये आणि १०८ ला फोन करावा. सापाला शोधत, मारत बसू नये; आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरही चालते. लहान मुलालाही ती मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते.

मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोके एकदा निकामी झाली, की लस ती दुरुस्त करू शकत नाही. ती पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. यंत्र मिळेपर्यंत हाताने दाबायच्या रबरी फुग्याने, वाटेत रुग्णवाहिकेतही, न थांबता. त्या काळात रोगी मेल्यासारखा दिसतो. पापणी हलत नाही, बोट हलत नाही. पण बहुधा तो शुद्धीवर असतो आणि खाटेभोवती चाललेले बोलणे त्याला ऐकू येत असते.