सीमेक आणि फ्लॅगांचा पसारा

सी प्लस प्लसचं एखादं जुनं प्रोजेक्ट हाती आलं, की त्याची सीमेक फाइल साधारण कोणत्या साली लिहिली गेली असेल, हे एका गोष्टीवरून ओळखता येतं: कंपायलरचे फ्लॅग कुठे कोंबलेत.

सीमेक आलं 2000 च्या सुमारास. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशातून वैद्यकीय प्रतिमांसाठी इन्साइट टूलकिट तयार होत होतं. ते युनिक्स आणि विंडोज दोन्हींवर बिल्ड व्हायला हवं होतं, म्हणून किटवेअर कंपनीने हे साधन लिहिलं. एकाच वर्णनातून मेकफाइलही निघू लागली आणि व्हिज्युअल स्टुडिओचं प्रोजेक्टही. फ्लॅगांसाठी मात्र एक लांबलचक स्ट्रिंग. ज्याला जे हवं ते त्याने तिच्या शेवटी चिकटवायचं, आणि ते त्या डिरेक्टरीतल्या व तिच्या खालच्या सगळ्यांना लागायचं. कंपायलर बदलला की इफ-एल्स: मायक्रोसॉफ्टचा असेल तर ‘स्लॅश डब्ल्यू फोर’, जीसीसी किंवा क्लँग असेल तर ‘डॅश डब्ल्यू ऑल’.

या इफ-एल्सने पुढे भरपूर घोळ घातला. विंडोजवरचं क्लँग-सीएल नावाने क्लँग, पण फ्लॅग वाचतं मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने. नाव पाहून त्याला ‘डॅश डब्ल्यू ऑल’ द्यावं, तर ते त्याचा अर्थ ‘होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या वॉर्निंग’ असा घेतं. हा फरक ओळखणारं वेगळं व्हेरिएबल 3.14 मध्ये, 2019 साली आलं.

त्याआधीच, 2013 च्या 2.8.12 मध्ये, फ्लॅग एकेका टार्गेटला लावायची सोय झाली होती. आपले वॉर्निंगचे फ्लॅग प्रायव्हेट ठेवा, म्हणजे तुमची लायब्ररी वापरणाऱ्याच्या डोक्यावर ते बसत नाहीत. सुधारणा मोठीच, पण तिच्यातही एक खोच निघाली. सीमेक एकसारखे फ्लॅग गाळून टाकतं. ‘डॅश इन्क्लूड’ आणि हेडरचं नाव अशा दोन जोड्या दिल्या, तर दुसरं ‘डॅश इन्क्लूड’ गायब व्हायचं आणि दुसरं हेडर उघडं पडायचं. जोडी शाबूत ठेवणारा ‘शेल’ उपसर्ग 2018 च्या 3.12 मध्ये मिळाला.

माझ्या मते खरं वळण वेगळंच होतं: फ्लॅग न लिहिता नुसतं काय हवंय ते सांगायचं. पोझिशन-इंडिपेंडंट कोड हवा, एवढं 2.8.9 पासून सांगता आलं. भाषेचं मानक 3.1 पासून. यात मात्र जपून राहावं लागतं. सी प्लस प्लस 11 मागितलं तर जीसीसीला जीएनयूच्या वाढीव सोयींसकट 11 मिळतं, आणि मागितलेलं मानक सक्तीचं केलं नसेल तर कंपायलर जुना असल्यास गुपचूप खालचं मानक लागतं. 2022 च्या 3.24 मध्ये ‘वॉर्निंग म्हणजे एरर’ हाही गुणधर्म झाला आणि तो बाहेरून, कमांड लाइनवरूनच बंद करता येऊ लागला. नवा कंपायलर आला की दुसऱ्याच्या कोडमधल्या अशा सक्तीमुळे बिल्ड मोडलेलं पाहणाऱ्या लिनक्स पॅकेजवाल्यांना याची किंमत विचारावी.

वॉर्निंगची पातळी तेवढी राहून गेली. मेसन या दुसऱ्या बिल्ड साधनात तिचा आकडा द्यायचा. 3 दिलं की जीसीसीला तिथले नेहमीचे फ्लॅग आणि मायक्रोसॉफ्टला ‘डब्ल्यू फोर’ आपोआप जातं. सीमेकवाल्या प्रोजेक्टांत अजून जो तो आपापला तक्ता बाळगतो. फ्लॅग चालतो का हे तपासून घ्यावं, तर जीसीसी अनोळखी ‘डब्ल्यू-नो’ फ्लॅग निमूट गिळतो आणि दुसरी एखादी वॉर्निंग किंवा एरर आल्यावरच त्याबद्दल तक्रार करतो. मेसन अशा वेळी ‘नो’ काढून मूळ फ्लॅग तपासतं. सीमेकमध्ये ही युक्ती तुमची तुम्हालाच करावी लागते.