शाहीर अमर शेख

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, धाराशिव जिल्ह्याच्या शेजारी असलेल्या बार्शी येथे. आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीतांचा वारसा मिळाला. घरच्या गरिबीमुळे त्यांनी मोटारीवर क्लीनर आणि गिरणीत कामगार म्हणून काम केले. कामगार चळवळीतून ते कम्युनिस्ट पक्षात आले.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. पहाडी आवाज आणि हाती डफ, एवढ्या बळावर ते मोठमोठ्या सभा भारून टाकत. संयुक्त महाराष्ट्र आणि गोवामुक्ती या लढ्यांचा प्रचार त्यांनी गावोगावी केला.

ते इतरांच्या रचना गात, तशा स्वतःही लिहीत. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह, ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक ही त्यांची प्रमुख पुस्तके. ‘महात्मा फुले’ (१९५४) आणि ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. आचार्य अत्रे यांनी रशियन क्रांतिकवी मायकोव्हस्कीवरून त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या.