उभा ट्रक सरकतो कसा?

वाचकहो, होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते, हे आपण पाहिलेच असेल. उभा ट्रकही असाच सरकतो.

ट्रक गोदामाच्या ओट्याला पाठ लावून उभा असतो. मध्ये लोखंडी फळी. फोर्कलिफ्ट माल घेऊन आत शिरते, ब्रेक लावते. ट्रक पुढे ढकलला जातो. ती मागे निघते, तेव्हाही तिची चाके ट्रकचा तळ पुढेच रेटतात. म्हणजे दोन्ही वेळा दिशा एकच! फट वाढते, फळी निसटते आणि यंत्र चालकासह खाली कोसळते. गुरुजी, न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

उपाय आपल्या ओळखीचाच आहे. घाटात बैलगाडीला लावतो तशी उटी मागच्या चाकांपुढे लावायची. अमेरिकेत तसा नियमच आहे. पण उटी लावायचे माणूस विसरतो. म्हणून काही ओट्यांना लोखंडी आकडा बसवतात. तो ट्रकची मागची आडवी दांडी धरून ठेवतो; पकड बसली की आत हिरवा दिवा लागतो, बाहेर चालकासाठी तांबडा.

आपल्या बाजारात फोर्कलिफ्ट नसेल, पण फळीवरून पोते नेणारा हमाल आहे ना? मग आधी उटी लावा. आणि माल भरेपर्यंत ट्रकची किल्ली मुकादमाच्या हाती ठेवा.