जुनी हत्यारपेटी : एक वाचन

हस्तलिखितांच्या संग्राहकांस पोथीची परीक्षा कशी करावी हें सांगण्याचें कारण नाहीं. कागद, शाई, अक्षरवळण, समासांतील टीप आणि पुष्पिका यांवरून पोथीचा काळ व मालकी ठरविण्याची आपली पद्धति सुप्रतिष्ठित आहे. लोखंडी वस्तूंस ती लावावयास मात्र आपण कचरतों. परिणाम असा कीं, यंत्रशाळेंतील फिटर-टर्नरांच्या जुन्या हत्यारपेट्या, मालक निवर्तल्यावर, वजनावर भंगारांत जातात. आणि ज्या वर्गानें कागदावर जवळजवळ कांहींच लिहून ठेवलें नाहीं, त्याचें एकुलतें दप्तर भट्टींत वितळून जातें. धाराशिव जिल्ह्यांतील एका घरीं अशी एक पेटी पाहावयास मिळाली. तिच्या आधारें हें वाचन कसें करावें तें येथें सांगतों.

या जिल्ह्यांत अशा पेट्या सांपडण्यास सबळ कारण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या योजनेप्रमाणें बांधलेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी अरुंद मार्गाची आगगाडी १८९७ मध्यें कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. १९०७ त ती तडवळ्यापर्यंत व १९११ त लातुरापर्यंत गेली. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. इंजिनांची दुरुस्ती कुर्डुवाडीच्या कारखान्यांत होई, आणि पेटीचा मालक तेथेंच फिटर होता असें घरचे लोक सांगतात. १ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें कंपनी ताब्यांत घेतली. पुढें मार्ग रुंद झाला व जुनीं इंजिनें गेलीं. तेरच्या रामलिंगाप्पा लामतुरे संग्रहालयांत सातवाहनकालीन मातीच्या मूर्तींपुढें आपण तासन्‌तास उभे राहतों. त्याच पट्ट्यांतून शंभर वर्षें धांवलेल्या गाडीच्या कारागिराची कानस मात्र आपणांस अडगळ वाटते.

घरची आख्यायिका अशी कीं, पेटी ‘साहेबाच्या काळची’ असून आंतील सर्व माल विलायती आहे. आख्यायिका बाजूस ठेवून वस्तूंनाच विचारावें. पेटींतील मायक्रोमीटरावर शेफील्डच्या मूर अँड राइट या कारखान्याचें नांव आहे. तो कारखाना १९०६ चा. अर्थात्‌ हें हत्यार रेल्वेच्या आरंभकाळचें नव्हे. त्याच्या स्क्रूला इंचास ४० आटे आहेत आणि फिरत्या टोपीवर २५ रेघा. टोपीचा एक फेरा म्हणजे इंचाचा चाळिसावा अंश, व एक रेघ म्हणजे इंचाचा सहस्रांश. त्याच्या पाठीवर दोन आद्याक्षरें ठोकून नंतर खोडलेलीं आहेत, आणि शेजारीं बिंदूबिंदूंनीं तीन नवीं कोरलीं आहेत. ‘हें पुस्तक अमक्याचें’ ही ओळ हरताळ लावून बदललेली आपण पोथींत पाहतों, तसाच हा हस्तांतराचा लेख आहे. व्हर्नियर कॅलिपरावर मात्र मिलिमीटर आहेत आणि ‘पश्चिम जर्मनी’ असा ठसा आहे. तें राज्य १९४९ त निर्माण झालें. शिवाय आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा व अंमल १९५८ पासूनचा. म्हणजे पेटी एकदम घेतलेली नाहीं. ती एका माणसाच्या नोकरीबरोबर वाढत गेली आहे.

पान्यांच्या बाबतींत एक चकवा आहे. एका पान्यावर १/२ हा आंकडा असून त्याचें तोंड मोजल्यास सुमारें ०.९२ इंच भरतें. आंकडा चुकलेला नाहीं. जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ त आट्यांचें जें प्रमाण सुचविलें, त्याच्या पान्यांवर बोल्टाच्या दांड्याचा व्यास लिहीत, तोंडाची रुंदी नव्हे.

माझ्या मतें मात्र पेटीचें खरें मोल तळाच्या कप्प्यांतील, कोणत्याहि कारखान्याचें नांव नसलेल्या चार वस्तूंत आहे. त्यांपैकीं दोन कॅलिपर, पोलादी पत्र्यांतून कापून रिव्हेटीनें जोडलेले. बाहेरचें माप घेणाऱ्याचे पाय खेकड्याच्या नांग्यांसारखे आंत वळलेले. भूमितींतील आपला ‘कर्कटक’ शब्द खेकड्यावरूनच आलेला आहे. दुसऱ्याचे पाय सरळ, टोकें बाहेर वळलेलीं. तो भोंकाचें माप घेतो. उमेदवारीच्या काळांत आपलीं हत्यारें आपणच घडवावीं अशी यंत्रशाळांची रीत होती. दोहोंवर तींच तीन आद्याक्षरें आहेत. तिसरी वस्तु म्हणजे तिधारी खरवडणी. ती जुन्या त्रिकोणी कानशीची केलेली असून मुठीजवळ कानशीचे दांत अजून दिसतात; पूर्वीचीं अक्षरें धुऊन पुन्हां लिहिलेल्या कागदाचें स्मरण होतें.

चौथी वस्तु, वाळलेल्या शेंदराची पत्र्याची डबी. घरच्यांनीं ती मारुतीची म्हणून देव्हाऱ्यांत नेऊन ठेविली होती. वस्तुतः खरवडणी व डबी मिळून एकच साधन होतें. शेंदूर तेलांत कालवून आंसावर पातळ पसरीत, वर पितळी बेअरिंग ठेवून हलवीत. जेथें उंचवटा तेथें रंग लागे, तेवढाच भाग तिधारीनें खरवडीत, आणि रंग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत हें चाले. या दोन वस्तूंची ताटातूट झाली कीं दोहोंचा अर्थ गेला. शेंदूर शिशाचा असल्यानें विषारी. हाताळल्यावर हात धुवावे.

झांकणाच्या आंत पेन्सिलीनें मोडींत व बाळबोधींत मापें लिहिलीं आहेत, तीं बहुतेक सुतांत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लीलावतींत आठ यवोदरांचें अंगुल सांगितलें आहे, म्हणून कोणी लगेच परंपरा जोडील. पण निम्मे, पाव, अर्धपाव करीत गेल्यास आठच येतात, तेव्हां तेवढ्यावर अनुमान करूं नये. सहस्रांश मोजणारा माणूस स्वतःसाठीं सुतांत लिहीत होता, एवढें निश्चित.

अशी पेटी हातीं आल्यास कांहींहि बाहेर काढण्यापूर्वीं प्रत्येक कप्प्याचें छायाचित्र घ्यावें. तारेचा ब्रश व पॉलिश कागद वर्ज्य. त्यांनीं गंजाबरोबर आद्याक्षरेंहि जातात. रॉकेलच्या फडक्यानें पुसून पातळ तेलाचा हात द्यावा. मायक्रोमीटराचीं तोंडें घट्ट मिटवून ठेवूं नयेत, किंचित्‌ फट असावी. पोथ्यांच्या बासनांत आपण वेखंड ठेवतों, तशी जुने टर्नर पेटींत कापराची वडी ठेवीत; ती रीत अद्यापि चांगली. झांकणावरील पेन्सिलीस मात्र तेल लागूं देऊं नये; तें पान सर्वांआधीं उतरून घ्यावें.