जाहिरातीतले किलोमीटर
नवी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो रेंजचा. तो जरा बाजूला ठेवा. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात, म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिटच. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटांच्या बॅटरीची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर. युनिटमागे जवळपास ११. पण ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, बेताच्या वेगात होते. रस्त्यावर वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट! द्रुतगती मार्गावर युनिटमागे सहा-सात किलोमीटर धरलेले बरे. दोन गाड्यांची तुलना युनिटमागच्या किलोमीटरवरच करावी. जलद चार्जिंगची वेळही बहुधा ८० टक्क्यांपर्यंतचीच सांगतात, कारण पुढे बॅटरी जपायला वेग उतरवावा लागतो.