हातोडीवाले विमेकरी

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं गाव. १८६६ साली तिथे ‘हार्टफर्ड स्टीम बॉयलर इन्स्पेक्शन अँड इन्शुरन्स कंपनी’ निघाली. नाव लांबलचक, पण धंदा सरळ: बॉयलर आधी तपासायचा, पटला तर विमा उतरवायचा आणि पुढेही तपासत राहायचं.

त्या काळी बॉयलर सर्रास फुटत. १८६५च्या एप्रिलमध्ये मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत ‘सुलताना’ ही आगबोट अशीच उडाली. परवानगी ३७६ उतारूंची; बोटीवर माणसं दोन हजारांहून जास्त, बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. अकराशेहून अधिक मेले. आधी व्हिक्सबर्गला बॉयलरचा पत्रा फुगलेला दिसला होता. कारागीर म्हणाला, पत्रे बदलू. कप्तानाला घाई, ठिगळ मारून बोट सुटली.

हार्टफर्डमधली काही तरुण यंत्रज्ञ मंडळी १८५७पासून एका क्लबात जमून याच प्रश्नावर वाद घालत होती: बॉयलर फुटणं ही देवाची करणी, की पत्र्याची झीज? त्यांचं मत झिजेच्या बाजूचं. झीज म्हणजे आधी दिसू शकणारी गोष्ट. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी तपासनीस नेमून ती वेळेत हेरता येते हे दाखवलं होतंच. कंपनीची सूत्रं १८६७ ते १९०३ जेरेमाया ॲलन यांच्याकडे होती. त्यांनी १८६७मध्येच ‘द लोकोमोटिव्ह’ हे मासिक काढलं आणि त्यात कुठे कोणता बॉयलर फुटला, किती मेले, याची यादी छापायला सुरुवात केली. विमा कंपनीने गिऱ्हाइकांना दिलेली याहून परिणामकारक जाहिरात मला तरी ठाऊक नाही.

तपासनिसाचं काम अंगमेहनतीचं. भट्टी विझवून, पाणी सोडून बॉयलर निवू द्यायचा, मग मॅनहोलमधून अंग चोरून आत शिरायचं. एका हातात दिवा, दुसऱ्यात हातोडी. रिव्हेटवर, आधाराच्या सळ्यांवर ठोकत जायचं; धड धातू खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. क्षारांचा थर किती साचलाय, पाण्याच्या रेषेपाशी गंजाने खड्डे पडलेत का, सेफ्टी व्हॉल्व्हवर कुणी जास्तीचं वजन टांगलंय का, हे सगळं पाहायचं. बाहेर मालक घड्याळ बघत उभा, कारण गिरणी बंद आहे. कंपनीच्या एजंटलाही हप्ता हवा असतो. तपासनिसाला कारखाना बंद करण्याचा अधिकार नाही. तो फक्त कळवू शकतो की या बॉयलरचा विमा आम्ही ठेवणार नाही. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. या कंपनीचा पैसा भरपाईपेक्षा तपासणीवर जास्त खर्च होई. हिशेबनिसाला हे विचित्र वाटेल, इंजिनिअरला नाही.

हातोडीला मर्यादा होत्याच. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन इथे बुटांच्या कारखान्यातला बॉयलर छप्पर फोडून गेला. ५८ कामगार मेले. दोन पत्रे एकमेकांवर चढवून केलेल्या जोडाच्या आत तडा होता, बाहेरून न दिसणारा. त्यानंतर राज्याने नियम केले, आणि अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे ‘एएसएमई’ने, १९१४मध्ये बॉयलर कोड तयार केला.

आपल्याकडे वाट वेगळी पडली. १८६३मध्ये कलकत्त्यात झालेल्या स्फोटानंतर तपासणी सरकारने अंगावर घेतली. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याचा बॉयलर गाळप हंगामाआधी पास करायचा तो बाष्पके संचालनालयाच्या नियमांखाली. विमा कंपनीचा इंजिनिअर येतो, पण परवाना त्याच्या हातात नसतो. त्याचा अहवाल बऱ्याचदा फायलीला लागतो आणि तिथेच राहतो.

हार्टफर्डची कंपनी २००९पासून ‘म्युनिक री’ या पुनर्विमा कंपनीच्या मालकीची आहे. एएसएमईच्या कोडखाली तपासणी करणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये ती आजही आहे. पुण्याच्या एखाद्या कारखान्यातून त्या कोडचा शिक्का असलेला बॉयलर परदेशी निघतो, तेव्हा अशाच कुठल्यातरी संस्थेचा इन्स्पेक्टर वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म तपासतो, पाण्याच्या दाबाची चाचणी उभं राहून बघतो आणि कागदावर सही करतो. सही होईपर्यंत माल गेटबाहेर जात नाही.