किनारपक्ष्यांची गुणसूत्रे

टिटव्या, तुतवार, पाणलावे, करवानक इत्यादी पक्ष्यांना एकत्रितपणे किनारपक्षी म्हणतात. नाव किनाऱ्याचे असले, तरी त्यांतील पुष्कळसे पक्षी माळराने, शेते आणि तळ्यांकाठचा चिखल येथेच वावरताना दिसतात. प्राणिशास्त्रज्ञ त्यांना एकाच गणात घालतात. परंतु या गणातील पक्ष्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्यांच्यात मोठी तफावत आढळते.

आनुवंशिक गुणांची वाहक जी जनुके, ती पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांवर ओळीने मांडलेली असतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, कोंबडीच्या पेशीत ७८. बहुतेक पक्ष्यांत ही संख्या ८० च्या आसपास असते. त्यांपैकी थोडी मोठी असतात आणि उरलेली इतकी बारीक असतात की, त्यांना सूक्ष्म गुणसूत्रे असेच नाव पडले आहे. किनारपक्ष्यांनी मात्र ही मर्यादा दोन्ही बाजूंनी ओलांडली आहे. युरोपातील करवानकात गुणसूत्रे अवघी ४२, तर अमेरिकेतील ठिपकेदार तुतवारात तब्बल ९२. कोंबडीच्या एकेका गुणसूत्रावर चमकणाऱ्या रंगाची खूण करून तोच भाग दुसऱ्या पक्ष्यात कोठे आहे, हे शोधण्याची एक पद्धत आहे. त्या पद्धतीने या फरकाचा उलगडा झाला. करवानकात बारीक गुणसूत्रे एकमेकांस जोडली गेली आहेत. तुतवारात मोठ्या गुणसूत्रांचे तुकडे झाले आहेत. एकच ग्रंथ दोन जाड खंडांत बांधला काय किंवा दहा पातळ खंडांत बांधला काय, मजकूर तोच राहतो. म्हणूनच गुणसूत्रांच्या संख्येवरून पक्ष्याच्या रूपाविषयी किंवा स्वभावाविषयी फारसा बोध होत नाही.

परंतु गुणसूत्रात आणखी एका प्रकारचा बदल घडतो. एखादे गुणसूत्र दोन ठिकाणी तुटते आणि मधला तुकडा उलटा फिरून पुन्हा जागच्या जागी सांधला जातो. बांधणाऱ्याने मधली काही पाने उलट्या क्रमाने शिवावीत, तसा हा प्रकार होय. यास व्युत्क्रमण म्हणतात. फळमाशीच्या दोन जातींतील जनुकांचा क्रम ताडून पाहताना अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांना १९२१ साली असा उलटलेला तुकडा प्रथम ओळखता आला.

वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या उलथापालथीचे परिणाम दूरवर जातात. बीजपेशी तयार होताना आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले गुणसूत्र शेजारी शेजारी येतात व आपले काही भाग परस्परांशी बदलतात. या अदलाबदलीमुळे जनुके दर पिढीत नव्याने पिसली जातात. दोहोंपैकी एका गुणसूत्राचा तुकडा उलटा असेल, तर मात्र तेवढ्या भागात जोडी नीट जुळत नाही. आणि तेथे अदलाबदल झालीच, तर निपजणाऱ्या बीजपेशी बहुधा सदोष ठरतात. परिणामी उलटलेल्या तुकड्यातील सर्व जनुके एका गाठोड्यात बांधल्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच उतरतात. अशा गाठोड्याला महाजनुक म्हणतात.

किनारपक्ष्यांत याचे सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे रफ हा तुतवारांच्या कुळातील पक्षी. त्याची वीण उत्तर युरोपापासून सायबेरियापर्यंतच्या दलदलीत होते. विणीच्या दिवसांत नराच्या मानेभोवती लांब पिसांची झालर फुटते. त्याचे नाव या झालरीवरूनच पडले आहे. ठराविक रंगणावर नर जमतात, नाचतात, भांडतात, आणि माद्या येऊन त्यांच्यातून निवड करतात. पिलांचे संगोपन एकटी मादीच करते.

रंगणावरील सगळे नर मात्र सारखे नसतात. बहुसंख्य नरांची झालर काळी, तांबूस किंवा पट्टेदार असते. असा प्रत्येक नर जमिनीचा एक लहानसा तुकडा आपला मानून त्याचे रक्षण करतो; त्यांना ठाणेदार म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारचे नर शेकडा ५ ते २० असतात. त्यांची झालर बहुधा पांढरी असते. ते स्वतःचे ठाणे न करता ठाणेदाराच्या शेजारी जाऊन उभे राहतात. ठाणेदारही या अनुचराला खपवून घेतो, कारण दोघे असले म्हणजे माद्या अधिक येतात. मादी आली की, अनुचर संधी साधतो. तिसरा प्रकार इतका बेमालूम की, तो २००६ सालापर्यंत शास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटला होता. त्या वर्षी युकेमा आणि पिएर्स्मा या डच अभ्यासकांनी त्याचे वर्णन केले. हा नर अंगाने लहान, झालरीविना, थेट मादीसारखा दिसतो. आत मात्र त्याचे वृषण ठाणेदाराच्या वृषणांहून कितीतरी मोठे असतात. मादीच्या रूपाने तो रंगणावर निर्धोक वावरतो आणि इतरांची नजर चुकवून समागम करतो. असे नर शेकडा एकाच्या आसपासच असतात.

हे प्रकार शिक्षणाने किंवा वयाने ठरत नाहीत. पाळीव थव्यातील वंशावळींवरून डेव्हिड लँक व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली दाखवून दिले की, अनुचर होणे हे एकाच आनुवंशिक घटकावर अवलंबून असते. मादीरूप नरांविषयीही पुढे तोच निष्कर्ष निघाला. येथे कोडे उभे राहिले. पिसांचा रंग, शरीराचा आकार, लढण्याची वृत्ती, संप्रेरकांचे प्रमाण, इतके सारे गुण एका घटकाने कसे ठरावेत?

उत्तर २०१६ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. रफच्या ११ व्या गुणसूत्रावर सुमारे १२५ जनुकांचा तुकडा उलटलेला असतो. ठाणेदाराची दोन्ही गुणसूत्रे सरळ. अनुचर आणि मादीरूप नर यांचे एक सरळ व एक उलटे. सरळ आणि उलट रूपांची फारकत सुमारे ३८ लक्ष वर्षांपूर्वी झाली, असा अंदाज आहे. उलटे रूप आता नामशेष झालेल्या एखाद्या जवळच्या जातीकडून संकराने रफमध्ये आले असावे, असेही काही अभ्यासकांनी पुढे सुचविले आहे. अनुचराचे महाजनुक हे नंतरचे. सुमारे ५ लक्ष वर्षांपूर्वी उलट्या आणि सरळ तुकड्यांत क्वचित घडणारी अदलाबदल होऊन ते निर्माण झाले. गाठोडे एकदा बांधले म्हणजे कायमचे बंद होते असे नव्हे, याचा हा चांगला दाखला आहे.

या गाठोड्याची किंमतही जबर आहे. गुणसूत्र जेथे तुटले, तेथेच पेशीविभाजनास अत्यावश्यक असे एक जनुक होते. त्याचे दोन तुकडे झाले. एक सरळ गुणसूत्र सोबत असेपर्यंत निभावते. परंतु आईबाप दोघांकडूनही उलटेच गुणसूत्र आले, तर तो गर्भ जगत नाही. रफची मादी साधारणतः ४ अंडी घालते. नर व मादी दोघेही उलटे गुणसूत्र बाळगणारे असतील, तर त्यांपैकी सरासरीने एक अंडे वाया जाते. असे असूनही उलटे गुणसूत्र नाहीसे झालेले नाही. या डावपेचांचा लाभ ते करणारे थोडे असतात तोपर्यंतच भरपूर मिळतो. ठाणेदारांच्या गर्दीत एखादा चोरटा नर पुष्कळ संतती मिळवतो. चोरटेच फार झाले, तर फसवायचे कोणाला?

गाठोड्यातील एका जनुकाचे कार्य तर आता बरेच स्पष्ट झाले आहे. ठाणेदाराच्या रक्तात टेस्टोस्टेरोन हे नरत्वाचे संप्रेरक भरपूर असते. इतर दोघांत ते कमी असते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे, या महाजनुकातील एक जनुक असे विकर तयार करते की, ते टेस्टोस्टेरोनचे झपाट्याने दुसऱ्या, सौम्य संयुगात रूपांतर करते. हे काम रक्तातही चालते. वृषणात मात्र बीजनिर्मितीपुरते टेस्टोस्टेरोन शिल्लक राहते. त्यामुळे भांडखोरपणा ओसरतो, परंतु प्रजननशक्ती अबाधित राहते.

भारतीय वाचकास हा पक्षी परका नाही. हिवाळ्यात भरतपूर, चिलिका सरोवर, उजनी जलाशयाचा फुगवटा अशा ठिकाणी रफचे थवे उतरतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भरतपूर येथे पायांत कडी घालून सोडलेले रफ पुढे सायबेरियात सापडले आहेत. येथे येईतो नरांची झालर गळून गेलेली असते आणि सर्वांचा पोशाख करडा-तपकिरी झालेला असतो. ठाणेदार व अनुचर हे मादीहून ठळकपणे मोठे असल्यामुळे तेवढे नर म्हणून ओळखता येतात. परंतु थव्यातील मध्यम बांध्याचा एखादा पक्षी मोठी मादी आहे की मादीरूप नर, हे दुर्बिणीतून ठरविणे कठीण असते. त्यासाठी रक्ताचा एक थेंब तपासावा लागतो.